आत्याबाईंचे डबे

चांगली जागा दिसली की माणसं तिथे फोटो काढतात, नारळ फोडतात, नाहीतर दगडावर आपलं आणि आणखी कुणाचं तरी नाव कोरतात. आमच्या आत्याबाई तिथे डबा ठेवायच्या. ठेवायच्या म्हणजे लपवायच्या. मग मोबाईल काढून त्या जागेची खूण नकाशावर टाकायच्या. आता जगातला कुठलाही माणूस ती खूण बघत बघत येईल, डबा शोधेल, आतल्या कागदावर आपलं नाव लिहील आणि डबा होता तिथे ठेवून निघून जाईल. सापडतं काय? डबा. मिळतं काय? काही नाही. "मग कावून जायचं हो तितं?" असं धारूरच्या पेठेतल्या निम्म्या लोकांनी त्यांना विचारलं असेल. आत्याबाईंचं उत्तर ठरलेलं. "कावून म्हंजी? डबा हाय म्हून."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. पेठेत आमचं भांड्यांचं दुकान आहे. मामा, म्हणजे सासरे, गेल्यावर गल्ल्यावर त्या बसल्या, पुढे हे बसू लागले, आणि मी लग्न होऊन आल्यावर मलाही एक स्टूल मिळालं. सत्तरीला टेकताना त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून नणंदेने त्यांना पुण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, चाला. नणंदेच्या ऑफिसातली पोरं दर रविवारी टेकडीवर हा डबे शोधायचा खेळ खेळायची, त्यांच्यामागे आत्याबाईंना घातलं. पोरं मोबाईलमध्ये तोंड घालून गोल गोल फिरत राहिली आणि आत्याबाईंनी सरळ जाऊन दोन दगडांच्या फटीत हात घातला. डबा त्यांच्याच हाताला लागला. धारूरला परतल्या तेव्हा गुडघेदुखी पुण्यातच राहिली होती आणि हे खूळ सोबत आलं होतं.

पहिला डबा त्यांनी दुकानातलाच घेतला, जाड पत्र्याचा, कडीचा, चकचकीत. किल्ल्याच्या वाटेवर एका ढासळलेल्या भिंतीत ठेवला. आठवड्यात नाहीसा झाला. पुढे एका शेळ्या वळणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातात तो दिसला, आत भाकरी आणि ठेचा. मला वाटलं आता भांडण होणार. आत्याबाईंनी डबा हातात घेऊन खालून-वरून बघितला आणि म्हणाल्या, "बाबा, राखेनं घासत जावा. चमक ऱ्हाती." तेव्हापासून चांगला डबा वापरायचा नाही हे ठरलं. प्लास्टिकच्या जाड बरण्या आणायच्या, त्यांना मातकट रंग फासायचा, वरून थोडी खरीच माती. "डबा असा पाहिजी, की चोराला बी उचलायची लाज वाटावी." भांडेवाल्याची आई प्लास्टिकच्या बरण्या विकत आणते, ही गोष्ट ह्यांच्या जिवाला लागली होती. ते गिऱ्हाइकांसमोर तो विषयच काढू देत नसत.

ह्या खेळाला कायदे आहेत, आणि आत्याबाई ते देवाच्या नेमासारखे पाळत. डबा जमिनीत पुरायचा नाही. आम्ही लिंगायत, आमच्यात माणूस गेला की पुरतात, त्यामुळे त्या म्हणायच्या, "पुरायला ते काय मढं हाय का? जित्या माणसासाठी ठेवलाय." देवळात ठेवायचा नाही. धर्मापुरीचं जुनं देऊळ त्यांना फार आवडे, पण डबा त्यांनी तिथून लांब, रस्त्याकडेच्या एका दगडाआड ठेवला. आणि कुणाच्या रानात ठेवायचा तर आधी धन्याला विचारायचं. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, पुढे सगळं महाभारत त्यावरूनच झालं.

डबा शोधताना किंवा तपासताना कुणी बघत असेल तर थांबायचं, हाही एक नेम. अशा माणसांना आत्याबाई नुसतं "बघे" म्हणत. आपल्याकडे बघ्यांना तोटा नाही. रानात बाईमाणूस वाकलेलं दिसलं की चार मोटारसायकली थांबतात. "काय हारवलं का मावशी?" आत्याबाई नाकावरच्या चष्म्यातून त्यांच्याकडे बघून सांगत, "चष्मा पडलाय." ती माणसंही खुशाल खाली वाकून चष्मा शोधायला लागत. मी स्कूटीवर बसल्या बसल्या पदर तोंडात कोंबायची.

स्कूटी माझी, डबे त्यांचे. पावसाळा संपला की आमची फेरी निघे. ओले कागद काढायचे, मुंग्या झटकायच्या, सैल झाकणं बदलायची. घाटातला सीताफळीच्या जाळीतला डबा वानरं दरवर्षी पळवत आणि आत्याबाई दरवर्षी तिथेच नवा ठेवत. मी म्हणायची, जागा तरी बदला. त्या म्हणायच्या, "म्या कावून बदलू? वानरानं बदलावी." डब्यात एखादी बारकी वस्तूही असते, शोधणाऱ्याने ती न्यावी आणि तेवढ्याच तोलाची आपली ठेवावी. प्रत्येक डब्याची माहिती खेळाच्या साइटवर लिहावी लागे. आत्याबाई सांगत, मी टाईप करी, नणंद पुण्यातून त्याचं इंग्रजी करी. किल्ल्याच्या डब्याखाली अजून लिहिलेलं आहे: हितं वारा लई चांगला हाय, पाणी आपलं आपण आणा, पायात बूट घाला, अन् घाई करू नका.

खरं सांगायचं तर महिनोन् महिने कुणी येत नसे. हैदराबादचा एक कॉम्प्युटरवाला पोरगा आला होता, तो पहिला. एकदा किल्ले बघत हिंडणारं एक जोडपं आलं. कुणीतरी वाट वाकडी करून यावं असं आमच्या भागात काय आहे, असा आपल्याच लोकांचा समज. मीही एकदा चिडवलं, "आत्याबाई, एवढं करता, येतंय कोण?" त्या झाकण पुसत म्हणाल्या, "तू रोज सकाळी शटर वर करतीस. गिऱ्हाईक बघून करतीस का?" लातूरहून बी.ए. होऊन मी ह्या पेठेत आले, तेव्हापासून दुकान ते घर ह्यापलीकडे मला कुणी कुठे नेलं नव्हतं. ह्या बाईने मला सगळा बालाघाट दाखवला. त्यांच्यावर माझा फार जीव होता, हे एकदा सरळ लिहून टाकते.

आता ती गोष्ट. घाटाखालच्या एका गावात, रस्त्याला लागून, एका बांधावर जुनी चिंच आहे. बुंध्याला ढोली. जागा अशी की आत्याबाईंनी मला स्कूटी थांबवायलाच लावली. बांधाच्या अलीकडचा तुकडा सुमन नावाच्या बाईचा. नवरा ट्रकवर, त्यामुळे शेत तीच बघायची. आत्याबाईंनी तिला विचारलं, डबा उघडून दाखवला, खेळ समजावून सांगितला. ती हसली, म्हणाली, "ठेवा की. चिंच काय माझं एकलीचंच ऐकती का?" बांधाच्या पलीकडे तिच्या चुलत दिराचं रान. त्याला सगळे अण्णा म्हणतात. गावचा पुढारी. तो आणि सुमनचा नवरा ह्यांच्यात त्या बांधावरून जुनं वाकडं होतं.

अण्णांची सून आजारी पडली. ताप हटेना, खोकला थांबेना, पोरगी वाळत चालली. तिला दवाखान्यात न्यायचं सोडून घरच्यांनी देवऋषी बोलावला. तो म्हणाला, बांधावर काहीतरी ठेवलेलं आहे. बांधावर शोधलं तर बांधावरचं सापडणारच. चिंचेच्या ढोलीतून मातीने माखलेला डबा निघाला. आत एक हात तुटलेली बाहुली, लाल रिबीन, मण्यांचा सर, आणि कागदावर ओळीने माणसांची नावं; ती वाचायला भीतीने कुणी धजलं नाही. ज्याला खेळ माहीत आहे त्याला ही आलेल्या पाहुण्यांची अदलाबदल. ज्याला नाही, त्याला ही साक्षात करणी. मला ती माणसं मूर्ख वाटली नाहीत. असा डबा माझ्या अंगणात निघाला असता, तर आत्याबाई भेटण्याआधीची मी पण किंचाळलेच असते.

पण आळ आला सुमनवर. ती सांगत राहिली की धारूरच्या भांड्याच्या दुकानातल्या बाईंनी मला विचारून ठेवलाय. कुणी विश्वास ठेवेना. एवढ्या मोठ्या दुकानाची मालकीण म्हातारपणी चिंचेच्या ढोलीत बाहुल्या कशाला कोंबेल? अण्णांच्या बोअरवरचं तिचं पाणी बंद झालं. गिरणीवाला तिचं दळण घेईना. बायका तिची सावली चुकवू लागल्या. पौर्णिमेला पारावर बैठक ठरली. त्यात तिने करणी कबूल करायची आणि गाव सोडायचं, असं अण्णांकडून बोललं गेलं. हे सगळं आम्हाला घागर बदलायला आलेल्या त्या गावच्या एका बाईने सांगितलं, तेही पौर्णिमेच्याच सकाळी, दबक्या आवाजात.

त्या दिवशी आमच्या घरात जी बोलाबोली झाली ती मी विसरणार नाही. अण्णांच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलेलं होतं. रुखवतापासून जेवणावळीच्या पातेल्यांपर्यंत सगळी भांडी आमच्याकडूनच जायची, आणि अण्णा जिथून घेतात तिथूनच आजूबाजूची पाच गावं घेतात. हे म्हणाले, "आई, गप बस. त्यायच्या भावकीचं भांडण हाय. आपलं काय जातंय?"

आत्याबाई चपला शोधत होत्या. "डबा माझा हाय."

"कुणाला ठावं हाय तुझा म्हून?"

"मला ठावं हाय."

"सगळं गाव तुटंल आपल्यापासून. दुकान बुडवतीस का?"

"दुकान तुझ्या बापानं अन् म्या थाटलं. बुडलं तर आमचं बुडंल. तू कोण रं मला गप बशिवणारा?" मग माझ्याकडे वळून, "काड गं तुझी गाडी."

मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित थांबले असते. स्कूटीला किक मारली आणि निघालो.

पारावर सगळं गाव जमलेलं. डबा मधे एका फरशीवर, भोवती हळद-कुंकवाचं रिंगण. सुमन एका बाजूला उभी, जवळ एक माणूस नाही. आत्याबाई सरळ तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "ह्यो डबा माझा हाय. हिला इचारून ठेवलता."

अण्णा पुढारी माणूस; चिडले नाहीत. उठून नमस्कार केला. "बाई, तुमी आमच्या घरच्या हाव. ऊन लई हाय, च्या घ्या अन् जा. तुमचं नाव यात येऊ देत न्हाई आमी." बोलण्यात इतका गोडवा की मलाच क्षणभर वाटलं, जावं. त्यांना खरं कळलं होतं, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. त्यांना फक्त ते नको होतं.

"माझं नाव यायलाच पाहिजी," आत्याबाई म्हणाल्या. "त्यातच हाय ते. काडा कागुद अन् वाचा पयलं नाव. मोठ्यानं वाचा."

कुणी हात लावेना. शेवटी आत्याबाईंनीच कागद काढून अण्णांच्या हातात दिला. सगळ्यांच्या देखत त्यांना वाचावं लागलं. पहिलं नाव आत्याबाईंचं, पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट. देवऋषी पुढे झाला. म्हणाला, कुणी का ठेवला असेना, नावं बांधलेली आहेत, डबा जाळायला पाहिजे, नाहीतर नावं असलेल्यांना बाधा होणार.

"व्हय का? मग पयली बाधा मला व्हायला पाहिजी," आत्याबाई म्हणाल्या. "म्या तर ह्या वयात किल्ला चडती. म्या पुण्याला गेलते तवा गुडघं दुखत व्हते, डबं ठिवायला लागले अन् दुखायचं ऱ्हायलं. आसली बाधा मिळंल तितकी द्या." मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. आत्याबाईंनी डब्यातला मण्यांचा सर उचलून आपल्या मनगटाला गुंडाळला, आणि आवाज खाली आणून अण्णांना म्हणाल्या, "बाईवर आसा आळ घ्यायला कायद्यानं बंदी हाय. तुमीच धारूरला भाषणात सांगितलंत, म्या दुकानातून ऐकलं. सुनंला अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात न्या. लेकरू वाळून चाललंय, अन् तुमी बरण्या उकरायलाव."

अण्णांचा गोडवा तिथे संपला. "डबा उचला आन् निघा," ते म्हणाले. "परत ह्या गावात दिसू नका."

"रान सुमनचं हाय. ती म्हणली तर उचलती."

सगळं गाव सुमनकडे बघायला लागलं. ती काय म्हणेल याची मला भीती वाटली. नवरा बाहेर, पाणी बंद, दळण बंद. एक शब्द म्हणून ती सगळ्यातून मोकळी झाली असती आणि मी तिला दोषही दिला नसता. तिने पदर खोचला, डब्यातला पेन उचलला आणि त्या कागदावर, सगळ्यांत खाली, आपलं नाव लिहिलं. मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या डबा."

करणी कबूल करून घेण्याची बैठक त्यानंतर चालवणार कशी? माणसं एक एक करून उठली. कुणी माफी मागितली नाही, कुणी आत्याबाईंचं कौतुक केलं नाही. आम्ही दोघी आणि सुमन चिंचेकडे गेलो, डबा ढोलीत ठेवला, आणि आत्याबाईंनी सुमनच्या घरी भरपूर साखरेचा चहा घेतला. तिचं पाणी पुढे नवरा आल्यावर आणि त्याने तहसिलात अर्ज केल्यावर सुरू झालं. अण्णांनी सुनेला अंबाजोगाईला नेलं, आणि क्षय निघाला. गोळ्या सुरू झाल्या.

लग्नाची भांडी अर्थातच केजहून आली. अण्णांच्या मागे ती पाच गावंही गेली. आमच्या दुकानात त्या उन्हाळ्यात इतकी शांतता होती की पंख्याचा आवाज ऐकू यायचा. हे आईशी बोलायचे बंद झाले. बोलले ते एकदाच, "ते डबं काडून आण सगळे. मग बोलू." आत्याबाईंनी ताटातली चटणी संपवली, हात धुतला आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन तलवाड्याच्या रस्त्याला नवा डबा ठेवायला निघाल्या. जाताना ह्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "न बोलता बी ऱ्हाता येतं. न फिरता न्हाई." मायलेकांचा अबोला दिवाळीपर्यंत चालला. मोडला तोही ह्यांनीच, आणि डब्यांचा शब्द न काढता.

गेल्या थंडीत आत्याबाई गेल्या. छातीत कफ झाला, अंबाजोगाईला नेलं, तिथून घरी आल्याच नाहीत. आजारात एकदा मला म्हणाल्या, "घाटातला डबा वानरानं नेला असंल गं." मी म्हणाले, बघून येते. "माझ्यासाठी जाऊ नको," त्या म्हणाल्या. "तुला जावं वाटलं तर जा." एवढंच आमचं शेवटचं बोलणं. इतकं सरळ बोलणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही, आणि ते गेल्याचा राग मला अजून येतो. दुःख नंतर येतं, आधी रागच येतो.

दिवसकार्य झालं आणि नणंदेने विचारलं, साइटवर आईच्या नावाचे डबे आहेत, त्यांचं काय करायचं? बंद करता येतात, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या नावावर करता येतात. हे म्हणाले, "बंद कर. झालं तेवढं बास." पाहुणे बसले होते. सासरच्या पाहुण्यांसमोर मी कधी नवऱ्याचं बोलणं खोडलं नव्हतं. "बंद व्हायचे नाहीत," मी म्हणाले. "दुकानाचे वारस तुम्ही. डब्यांची मी." नणंदेने तिथल्या तिथे मोबाईल काढला आणि डबे माझ्या नावावर केले.

रात्री ह्यांनी एवढंच म्हटलं, "त्या गावातला तरी काडून घे. अण्णाकडचं गिऱ्हाईक आत्ता कुठं परत यायलंय." ते खरं होतं. दोन-चार घरं परत येऊ लागली होती. पण फेरीला निघाले तेव्हा सगळ्यांत आधी त्याच गावाला गेले.

सुमन बांधावरच होती. डबा काढला. आतला कागद भिजून लगदा झाला होता, म्हणून मी नवा कागद घातला. वर आत्याबाईंच्या जागी माझं नाव लिहिलं. खाली सुमनने लिहिलं. डबा मिटणार, तेवढ्यात बांधाच्या पलीकडून कुणीतरी आलं. डोक्यावर पदर, अंगावर मांस धरलेलं, चाल भरभर. अण्णांची सून, सुमन पुटपुटली. मी तिला बैठकीत बघितलंच नव्हतं. तेव्हा ती अंथरुणावर होती.

"ताई, त्या बाई गेल्या म्हणं," ती म्हणाली. मी मान हलवली. ती बांध ओलांडून अलीकडे आली आणि पेनासाठी हात पुढे केला. सुमनने माझ्याकडे बघितलं. मी पेन दिला. तिने चिंचेच्या बुंध्यावर कागद टेकवला आणि आपलं नाव सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं.

मला राहवलं नाही. विचारलं, "अण्णांनी वाचलं तर?"

तिने कागदाची घडी डब्यात ठेवली आणि झाकण दाबून बसवलं.

"वाचावं म्हून तर लिवलंय."